पाहणाऱ्याची सही

माझ्या धाकट्या भावाने माझ्याशी बोलणं टाकलं त्याला आता एकवीस वर्षं होतील. लोकांना वाटतं, हिने फार मनाला लावून घेतलं असेल. डोंबल! मी त्याला नोकरी लावली, ती त्याने लाथाडली. मी पुस्तकात त्याचं नाव छापायला निघाले, तर हात जोडून म्हणाला, माझं नाव घालू नकोस. आई गेली तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्याशेजारी दोन तास उभा होता, तोंडातून चकार शब्द काढला नाही. अशा माणसासाठी कोण टिपं गाळणार? मला माझी कामं होती.

माझं काम म्हणजे हाडं. माणूस माणूस कसा झाला, कधी झाला, काय खाऊन झाला, हे शोधण्यात माझी पस्तीस वर्षं गेली आणि दोन्ही गुडघे गेले. पुस्तकं झाली, परिषदा झाल्या, सोळा विद्यार्थी हाताखालून गेले. पण उगाच कशाला लपवू, माझं सगळं नाव एका हाडावर उभं आहे. हरणाच्या जातीतल्या एका मोठ्या जनावराच्या मागच्या पायाचं हाड, वीतभर लांब, चहासारखा रंग. त्याच्या मधोमध तीन रेघा आहेत, अगदी लगतच्या, समांतर, बोटाच्या पेराएवढ्या. दगडाच्या धारेने मांस सोडवताना हाडावर पडतात तशा.

हाड इतकं जुनं आहे, की त्या काळात आपले पूर्वज दगडाला धार लावून मांस कापत होते असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. मी म्हटलं. ‘एक रेघ कशानेही पडते, खडा घासतो, जनावर तुडवून जातं. पण एकाच जागी, एकाच दिशेने तीन रेघा पडल्या, तर त्यामागे हात असतो.’ हे वाक्य माझं आहे आणि ते आज विद्यार्थ्यांना पाठ असतं. वर मी पुरावाही दिला होता. रेघांच्या तळाशी खडकाची माती घट्ट बसलेली होती. म्हणजे रेघा आधी पडल्या, हाड मग गाडलं गेलं. ती माती मी तपासून घेतली, ती त्याच खडकाची निघाली. सगळ्यांची तोंडं बंद झाली.

बावीस वर्षं बंद होती. मग टाचणी आली.

टाचणी माझीच विद्यार्थिनी. सडपातळ, ताठ आणि सारखी टोचणारी. हे नाव मीच पाडलं, मग विभागाने उचललं. आता ती चौतीस वर्षांची आहे, स्वतःची प्रयोगशाळा आहे, आणि मी शिकवलेलं सगळं माझ्यावरच वापरते. संस्थेत नवं दालन होतंय, त्यात पहिल्याच काचेच्या पेटीत माझं हाड जाणार, खाली माझं नाव. चार महिन्यांनी मी निवृत्त होणार. नेमकं तेव्हाच हिला सुचलं. तिने अर्ज केला, ‘रेघांमधल्या मातीवर ॲसिटोनचा एक थेंब टाकून पाहण्याची परवानगी मिळावी.’ ॲसिटोन म्हणजे नखांचा रंग पुसतात ते. खरी माती असेल तर ती ढिम्म हलत नाही. चिकटा लावून बसवलेली असेल तर दोन मिनिटांत सुटून येते. हाडाची जबाबदारी माझ्याकडे, परवानगी माझी. मी दोनदा नाही म्हटलं.

तिसऱ्यांदा संचालकांनी आम्हाला दोघींना समोरासमोर बसवलं.

“मॅडम, एकच थेंब,” टाचणी म्हणाली.

“तो आधी तुझ्या कानात टाक. मी दोनदा नाही म्हटलेलं ऐकू आलेलं दिसत नाही.”

संचालक खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांना असं काही झालं की झाडं फार आवडतात.

“बरं, थेंब नको. मग कामाची वही तरी दाखवा,” ती म्हणाली. “हाड साफ केलं त्या वर्षाची. तळघरातल्या कपाटात सगळ्या वर्षांच्या वह्या आहेत. तेवढी एकच नाही.”

“म्हणजे मी खाल्ली?”

“मी असं म्हटलं नाही.”

“तोंडाने नाही म्हटलंस. बुधवारी ती वही आणून तुझ्यापुढे आपटते. मग तू इथे, यांच्यासमोर, माझी माफी मागायची. कबूल?”

“कबूल. आणि वहीत काही निघालं तर?”

“तर टाक तुझा थेंब. घागरभर टाक.”

संचालकांनी झाडांवरची नजर काढली आणि हे लिहून घेतलं. मेला एवढंच पटकन लिहितो.

आता ही वही म्हणजे काय ते सांगते. हाड खडकात रुतून येतं. ते मोकळं करायचं काम तळघरात चालतं, भिंगाखाली, सुईने, कण कण करून. एका हाडाला कधी तीन महिने लागतात. जो साफ करतो त्याने रोज संध्याकाळी वहीत लिहायचं: आज कुठला भाग उघडा केला, कुठली सुई वापरली, कुठे काही तुटलं-फुटलं का. पानाच्या तळाशी दोन सह्या असतात, एक काम करणाऱ्याची, एक पाहणाऱ्याची. पाहणारा म्हणजे वरचा संशोधक. त्या वर्षी काम करणारा होता माझा भाऊ. आणि पाहणारी मी.

तो कामात बहाद्दर होता, हे मी शत्रू असूनही सांगते. लहानपणापासून त्याच्या हातात कसब होतं. म्हणून तर मी त्याला चिकटवलं तिथे, लोकांची बोलणी खाऊन. आणि माझा लेख गाजला, तसा हा आंबट तोंड करून फिरायला लागला. वर्षभरात नोकरी सोडून गेला. मी सगळ्यांना सांगितलं, बहिणीचं झालेलं बघवत नाही त्याला. वही तोच घेऊन गेला असणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. माझी खोड मोडायला आणखी काय हवं!

शनिवारी दुपारी मी त्याच्या दारात उभी राहिले. दार भावजयीने उघडलं.

“वन्सं! तुम्ही?” तिच्या हातातला टॉवेल खाली पडला.

“मीच. मेले असते तर कळवलं असतं. कुठे आहे तो?”

ती बाजूला झाली. तो आतल्या खोलीत होता. हल्ली तो दातांच्या कवळ्या बनवतो. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे येतात, हा घरी बसून दात बसवतो. खिडकीशी लांब टेबल, त्यावर पाच-सहा गुलाबी कवळ्या दात विचकून मांडलेल्या. तो पूर्वीसारखाच पाठ वाकवून भिंगात बघत होता, हातात पूर्वीसारखीच सुई. केस मात्र सगळे पांढरे झाले होते. मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

“वही दे,” मी म्हटलं.

त्याने वर पाहिलं. आश्चर्य नाही, राग नाही, काही नाही. खालचा खण ओढला, शोधाशोध न करता वही काढली आणि टेबलावर ठेवली. जणू मी काल सांगून गेले होते, उद्या येते म्हणून. त्याने माझं डोकं आणखी तापलं.

“चोर आहेस तू. संस्थेची वही एकवीस वर्षं घरात दडवून ठेवलीस.”

“हो,” तो म्हणाला. एकवीस वर्षांनी बोललेला पहिला शब्द.

“लाज नाही वाटत?”

“पान त्रेसष्ट. खूण घातलीय.”

मी उभ्यानेच वही उघडली. त्याचं अक्षर सुबक, मुलांच्या पुस्तकात असतं तसं.

‘मागच्या पायाचे हाड. मध्यभागी एक जुनी रेघ आहे. तिच्यालगतचा खडक काढताना सुई दोनदा घसरली. जुन्या रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन नव्या रेघा पडल्या. पांढऱ्या दिसत होत्या. ह्याच हाडाच्या खडकाची भुकटी चिकट्यात कालवून दोन्ही भरल्या. संशोधकांनी नोंद घ्यावी.’

शेवटचं वाक्य दोनदा अधोरेखित. खाली काम करणाऱ्याची सही. तिच्याशेजारी पाहणाऱ्याची सही, लांबलचक शेपटी ओढलेली. अशी शेपटी सबंध संस्थेत एकच बाई ओढते.

पहिल्यांदा मी काय केलं सांगू? मी शाई तपासली. “हे तू नंतर लिहिलंस,” मी म्हटलं. त्याने डोळ्यावरचं भिंग काढून माझ्यापुढे धरलं. “बघ. तुझंच काम आहे ते.” मी पाहिलं. वरच्या पानाची शाई तीच, खालच्या पानाची तीच, आणि माझ्या सहीची शेपटी त्याच्या शेवटच्या अक्षरावरून गेलेली. आधी मजकूर, मग सही. हे ज्या पोराला दिसलं नसतं त्याला मी नापास केलं असतं, इतकं ते स्वच्छ होतं.

साफ करणारे असंच करतात. खडकाची भुकटी फेकत नाहीत, हाडाच्या नंबराच्या बाटलीत ठेवतात, आणि कुठे ओरखडा पडला तर त्याच भुकटीने भरतात, म्हणजे रंग जुळतो. भरायचं आणि वहीत लिहायचं, अशी रीतच आहे. त्याने भरलं, त्याने लिहिलं. आणि मी ती माती कुठल्या खडकाची आहे ते तपासून घेतलं. चिकटली कशाने, हे विचारलंच नाही.

“मी हे वाचलं नव्हतं,” मी म्हटलं.

तो हसला. एवढंसं, नाकातून.

“हसतोस काय? दर शनिवारी तुम्ही पाच जण आपापल्या वह्या माझ्या टेबलावर आणून टाकायचात. तीस-तीस पानं! मी सह्या मारत सुटायचे. सगळेच मारतात.”

“सगळ्यांचं मला माहीत नाही. तुझी सही आहे.”

“अरे पण तू तोंडाने सांगायचंस की! तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?”

“आलो होतो सांगायला.” त्याने सुई खाली ठेवली. “लेख छापून आला त्या दिवशी. खोलीत माणसं होती. मी म्हटलं, ताई, त्या रेघांचं जरा बोलायचंय. तू म्हणालीस, ‘आता तू पण सुरू होऊ नकोस. छापून झालंय, त्यावर एक शब्द नको.’”

मला ते आठवलं. सगळं आठवलं. सकाळपासून तीन दीडशहाणे शंका काढून गेले होते, मी वैतागले होते, त्यात हा तळघरातून वर आलेला, हातात वही. हातात वही होती, हेही आठवलं.

“मला वाटलं, तुला माहीत आहे,” तो म्हणाला. “सही केलीयस, वाचलंयस, आणि तरी छापलंस. म्हटलं, आपली ताई लबाडी करते. मग वही घरी आणली. दुसऱ्या कुणाच्या हाती लागली असती तर तू संपली असतीस. आणि मला तिथे बसवेना. बस, एवढंच.”

“एवढंच? एकवीस वर्षं तू मला लबाड समजतोस?”

“हो.”

“आणि आता?”

त्याने कवळी उचलली, उजेडात धरली, एका दाताचा कोपरा सुईने टोकरला. “आता तू म्हणतेस वाचलं नव्हतं. चार महिन्यांनी निवृत्त होणार आहेस, असं ऐकलं. वही तुझ्याकडे आहे. घरी गॅस असेलच.”

मी त्याच्या टेबलावर हात आपटला. कवळ्या उडाल्या, एक जमिनीवर पडली. भावजय दारातून धावत आली. मी वही उचलली आणि निघाले. पाठीमागे तिचा आवाज, “अहो, त्यांना पाणी तरी...” त्याचं उत्तर ऐकायला मी थांबले नाही.

बसथांब्यावर बाकड्यावर बसले. एक बस गेली, दुसरी गेली. आता खोटं बोलून काय करू, पहिला विचार गॅसचाच आला. वही तशीही हरवलेलीच होती. बुधवारी सांगायचं, सापडली नाही. टाचणी चरफडेल. हाड पेटीत जाईल. भाऊ बोलणार नाही, हे तर एकवीस वर्षांत सिद्धच झालं होतं. त्याच्याइतका भरवशाचा माणूस जगात नाही. आणि दुसरा रस्ता काय? सगळ्या जगापुढे उभं राहून सांगायचं, मी न वाचता सही केली. लबाडाला निदान अक्कल असते हो. मी नुसती गाढव ठरणार होते. पस्तीस वर्षं पोरांना बजावलं, बघा, नीट बघा, दोनदा बघा, आणि माझ्या नाकाखाली दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य मी बघितलं नाही.

मला फार शरम वाटली. पण खरं सांगते, शरमेने काही ठरलं नाही. ठरलं ते रागाने. तो कवळीवाला खिडकीत बसून उद्याही मला लबाड समजणार, परवाही समजणार, मी मेल्यावर खांदा द्यायला येईल तेव्हाही समजणार. हे मी खपवून घेणार नव्हते. गाढव म्हण, पण लबाड म्हणायचं काम नाही.

बुधवारी संचालकांच्या खोलीत मी वही टाचणीपुढे टाकली. “पान त्रेसष्ट. माफी मागायची गरज नाही.”

तिने वाचलं. ती काहीतरी टोचेल म्हणून मी वाटच बघत होते, उत्तरं तयार होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मात्र माझं टाळकं सटकलं.

“रडू नकोस. रडायचं असेल तर बाहेर जा, हाडावर पाणी नको. ड्रॉपर कुठे आहे?”

“मॅडम, मी टाकते. तुम्ही नका...”

“परवानगी माझी, थेंब माझा. तू घड्याळ बघ.”

तळघरात, त्याच भिंगाखाली, मी हाड वाळूच्या उशीवर ठेवलं. कोपर टेबलाला टेकवलं. डावीकडच्या रेघेवर एक थेंब, उजवीकडच्या रेघेवर एक. मधल्या रेघेवरही टाकला, ती तरी माझी आहे का बघू म्हणून. वास आला. टाचणी सेकंद मोजत होती, संचालकांना बघायला इथे झाडं नव्हती. आधी कडा विरघळल्या. मग मी कापसाच्या बोळ्याने हलकेच टिपलं, आणि बावीस वर्षांची माती बोळ्याला लागून आली. खाली दोन पांढऱ्या रेघा, लख्ख, सुईच्या. मधली तशीच राहिली, चहाच्या रंगाची. एक रेघ कशानेही पडते.

“दोन मिनिटं,” टाचणी म्हणाली.

संध्याकाळी मी लेख मागे घेतल्याचं पत्र लिहिलं. कारणाच्या जागी ‘दुर्दैवी चूक’ वगैरे संचालकांनी सुचवलं, ते खोडलं. लिहिलं, ‘नोंद वेळेवर केलेली होती. मी न वाचता सही केली.’ दालनातल्या पहिल्या पेटीत आता काय ठेवतात कोण जाणे. मला बोलावणं येणार नाही, आणि मी जाणारही नाही.

मग मी ती वही उघडली. शेवटचं पान कोरं होतं. तारीख घातली आणि सगळं लिहिलं: कुठलं हाड, काय टाकलं, किती वेळ, काय निघालं. ‘काम करणारा’च्या पुढे माझी सही केली, शेपटीशिवाय. ‘पाहणारा’ची जागा रिकामी राहिली.

गुरुवारी सकाळी परत त्याच्या दारात. भावजय या वेळी टॉवेल घट्ट धरून होती. मी सरळ आत गेले आणि वही त्याच्या कवळ्यांमध्ये ठेवली.

“सही कर,” मी म्हटलं. “आणि मग परत बोलू नकोस, माझं काही अडलेलं नाही.”

त्याने पेन घेतलं नाही. आधी हात पुसले, चष्मा चढवला. मग पानाच्या अगदी वरच्या छापील ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागला. एकेक ओळ, बोट सरकवत. मी उभी. बसायला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी बसले नसते. अर्ध्यात त्याचं बोट थांबलं.

“इथे ‘दोन मिनिटे’ लिहिलंयस. तू मोजलीस?”

“टाचणीने मोजली. माझी विद्यार्थिनी.”

“मग तिचं नाव लिही.”

मी वाकून लिहिलं, खरं नाव. त्याने वही पुन्हा स्वतःकडे ओढली, बोट परत पहिल्या छापील ओळीवर नेलं, आणि सगळं पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग सही केली.